कृपया बसून घ्या, सूचना आहेत

प्रवचन लांबलं की वसईचा भाविक घड्याळाकडे बघतो. सूचना लांबल्या तर बघत नाही, कारण सूचनांमध्ये आपलं नाव येण्याची शक्यता असते. जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मगुरूंना बजावलं होतं, की प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, लोकांना झोप लागते. सूचनांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. वसईचं कुणी त्यांच्या कानावर घातलं नसावं.

ख्रिस्तप्रसाद वाटून होतो, क्षणभर शांतता पसरते, आणि एक गृहस्थ वहीचं फाडलेलं पान घेऊन माइकपाशी येतात. "कृपया बसून घ्या. आज नऊ वाजता धर्मशिक्षकांची सभा. साडेनऊला वेदीसेवकांची. दहा वाजता युवकांची, सर्वांनी वेळेवर यावे." (हे शेपूट फक्त युवकांच्या सूचनेला असतं.) "चार वाजता ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा. डॉक्टर येणार आहेत, औषधांच्या चिठ्ठ्या सोबत आणाव्यात. पाच वाजता महिला मंडळ. सहाला व्हिन्सेंट डी पॉल. विवाहपूर्व शिबिराची नावं ऑफिसात द्यावीत." शेवटच्या सूचनेला चार माना वळतात. कोणाचं जमलं ते नाव देण्याआधीच कळतं.

धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली सगळी घरं. त्या घरांतला एकही माणूस मंडळाविना राहू नये अशी आमच्याकडे व्यवस्था आहे. माणसाला देवाकडे एकट्याने जाता येतं, असं मोठमोठे संत सांगून गेले. आमच्या धर्मग्रामात मात्र त्याने आधी वयोगट सांगायचा.

वयाचा हा सोस वसईने काढलेला नाही. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेत वयांचा हिशेब जन्मनोंदणीच्या कार्यालयाइतका चोख आहे. सात वर्षं पुरी झाली की मुलाला बरंवाईट कळतं असं गृहीत धरायचं. चौदा झाली की ठरलेल्या दिवशी मांस वर्ज्य. सोळा झाली की धर्मपिता किंवा धर्ममाता होता येतं. अठरापासून उपवास सुरू, आणि एकोणसाठ पुरी झाली की उपवासातून सुटका. बिशपांनी पंचाहत्तरीला राजीनामा पाठवावा. संहितेबाहेरचा आणखी एक नियम, कार्डिनल ऐंशीचे झाले की पोपच्या निवडीत त्यांना मत नाही. एवढा बारकावा असूनही, चर्चमधला तरुण नेमका कधी तरुण राहत नाही, हे संहितेने सांगितलेलं नाही. आमच्याकडची निम्मी भांडणं या एका मोकळ्या जागेतून उगवतात. पण त्याआधी लहान मुलं.

पूर्वी मुलांना पहिला ख्रिस्तप्रसाद मिळायला दहा-बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबावं लागे. १९१० साली पोप दहावे पायस यांनी हे वय सातच्या आसपास आणलं. साध्या भाकरीत आणि या भाकरीत फरक आहे एवढं मुलाला कळलं की पुरे, असं त्यांचं म्हणणं. पोप उदार होते. आमचे धर्मशिक्षक तेवढे नाहीत. ते तोंडी परीक्षा घेतात.

मुलांची मिस्सा संपली की शाळेच्या वर्गांत धर्मशिक्षण भरतं. आठवडाभर विरार लोकलला लोंबकळत चर्चगेट गाठणारी मुलगी रविवारचं उशिरा उठणं सोडून चाळीस मुलांना दहा आज्ञा शिकवायला येते, तीही फुकट. तिला दरवर्षी शिक्षकदिनी एक पेन मिळतं. पहिल्या पाच आज्ञा ती झपाझप घेते. कॅथलिक क्रमाने सहावी आज्ञा व्यभिचाराची. तिच्या आधीच्या रविवारी वर्ग पाचवीवर एकदम रेंगाळू लागतो. खून करू नये यावर चित्रं काढली जातात, गाणं म्हटलं जातं, घंटा होते. पुढच्या रविवारी थेट सातवी, चोरी करू नये. एखादा हिशेबी मुलगा बोटं मोजून विचारतो, "टीचर, सहावी?" "ती मोठ्यांची आहे." मुलगा समाधानाने बसतो. मोठी माणसं काय करतात याबद्दल त्याची खात्री पटलेली असते.

खरे प्रश्न कोळीवाड्यातून येतात. पाच भाकरी आणि दोन मासे यांवर येशूने पाच हजारांना जेवू घातलं, ही गोष्ट चालू असताना एकाने विचारलं, "मासे कुठले?"

"ते महत्त्वाचं नाही, बाळा."

"मग लिहिलंय कशाला?"

बायबलच्या प्राध्यापकांना घाम फोडणारा हा प्रश्न. टीचरने तो गृहपाठ म्हणून दिला. सगळे अवघड प्रश्न गृहपाठ म्हणून घरी जातात आणि आजीपर्यंत पोचतात. आजीला शंका नव्हती. "सुके असणार. ते आणणारा पोरगा ओले मासे दिवसभर उन्हात धरून बसला असता, तर पाच हजार माणसं जेवायला थांबली असती का?" चमत्काराइतकाच व्यवहारही आजीला ठाऊक. गंमत म्हणजे अभ्यासकही तिच्याच बाजूचे निघतात. गालील सरोवराच्या काठचं मग्दला गाव त्या काळी खारवलेल्या मासळीसाठी नावाजलेलं होतं. पुढच्या रविवारी मुलाने "सुके" असं उत्तर दिलं आणि बोंबील की बांगडे यावर वर्गात दोन तट पडले. त्या मुलांना बाकी काही आठवो न आठवो, ती गोष्ट आयुष्यभर आठवेल.

मराठी ख्रिस्ती माणसाला धर्म शिकवायचा तर गोष्टीतून आणि गळ्यावर, हे फादर थॉमस स्टीफन्स यांनी चारशे वर्षांपूर्वी ओळखलं. इंग्लंडातून गोव्याला आलेल्या या जेज्विटाने पाहिलं, की नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांची सवय आहे. नुसती प्रश्नोत्तरं त्यांच्या पचनी पडत नाहीत. मग त्यांनी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. १६१६ साली ते छापलं गेलं. ओव्या जवळजवळ अकरा हजार. आज पालकसभेत तक्रार येते, की तिसरीतल्या मुलीला विश्वासांगीकार पाठ करायला दिला, केवढा मोठा आहे तो! तक्रार करणाऱ्या बाईंना तीन मालिकांची शीर्षकगीतं पाठ असतात. दोष पाठांतराचा नाही, चालीचा आहे, हे स्टीफन्स यांना आपल्यापेक्षा लवकर कळलं होतं.

पुढे दृढीकरणाचा संस्कार होतो. बिशप येतात, कपाळाला तेल लावतात, पवित्र आत्म्याची सात दानं मिळतात. आणि सात दानं मिळालेली मुलं पुढच्या रविवारपासून दिसेनाशी होतात. विश्वास दृढ झाला, आता आणखी काय शिकायचं, असा सरळ हिशेब. कुणी क्लासला, कुणी क्रिकेटला. हे दुखणं जगभरचं आहे, एवढाच त्यात दिलासा.

तिथून त्यांना गोळा करायचं काम युवकांच्या संघाचं. आता ती मोकळी जागा. २०१८ साली रोममध्ये तरुणांवर बिशपांची सिनड भरली. तिच्या तयारीच्या कागदपत्रांत तरुण म्हणजे साधारण सोळा ते एकोणतीस असं धरलं होतं. आमच्या संघाच्या अध्यक्षाच्या वाचनात तो कागद अजून आलेला नाही. त्याचा मुलगा पुढच्या वर्षी पहिला ख्रिस्तप्रसाद घेईल. डोक्यावरचे केस संघाच्या सेवेत खर्ची पडलेत. सोळा वर्षांची मुलं त्याला दादा म्हणतात, त्यांचे वडीलही त्याला दादाच म्हणतात. पण त्याला काढणार कोण? साउंड सिस्टिमची किल्ली त्याच्याकडे. मंडपवाला त्याच्याच फोनला होकार देतो. नाताळच्या गोठ्यात बल्ब कुठून लावले की फ्यूज उडत नाही, हे ज्ञान त्याने कुणालाही दिलेलं नाही. सत्ता टिकवण्याचं शास्त्र कौटिल्याने मांडलं असेल, ते राबवतो तो चर्चचा युवा अध्यक्ष.

संघाचं खरं बळ दिसतं गुड फ्रायडेला. क्रूसाची वाट मैदानात जिवंत उभी करायची असते. वाटतं तितकं हे भक्तीचं काम नाही, पात्रनिवडीचं आहे. येशूच्या भूमिकेसाठी श्रद्धा बघत नाहीत, दाढी बघतात, म्हणजे ज्याच्या ऑफिसात दाढी चालते तो. रोमन सैनिक व्हायला झुंबड, कारण भाला मिळतो आणि वर्षभराचे हिशेब चाबकाने चुकते करता येतात. पिलातासाठी बँकेतला माणूस उत्तम, हात धुण्याचा सराव असतो. यहूदा मात्र मिळत नाही. एकदा केला की नाव चिकटतं, पुढे लग्नाच्या बोलणीतसुद्धा "तो यहूदावाला का?" असं विचारलं जातं. म्हणून यहूदा बाहेरून आणतात. पलीकडच्या धर्मग्रामातला एक सज्जन मुलगा वर्षानुवर्षं आमच्याकडे येऊन तीस नाणी घेतो, आणि त्यांचा यहूदा आम्ही पुरवतो. दोन धर्मग्रामांमधलं सहकार्य म्हणतात ते हे. बाकी सगळे हेवेदावे.

त्या दिवशी उन्हात अनवाणी क्रूस ओढणारा तो दाढीवाला संध्याकाळी घरी जातो तेव्हा खांद्याला खरंच वळ उठलेला असतो, आणि त्याबद्दल तो कुणाशी बोलत नाही. हेही बघितलेलं आहे.

विवाहपूर्व शिबिराविषयी थोडक्यात. ज्यांना एकमेकांशिवाय काही दिसत नाही अशा जोडप्यांना वर्गात बसवून पैसे, सासर आणि संवाद या विषयांवर व्याख्यानं दिली जातात. संवादावर बोलायला अनुभवी जोडपं येतं. येताना स्कूटरवर त्यांचं वाजलेलं असतं. "आमच्या लग्नाला आता बावीस वर्षं झाली," नवरा सुरू करतो. "तेवीस," बायको म्हणते. पुढची दहा मिनिटं बावीस की तेवीस यावर जातात आणि समोरची मुलं-मुली प्रथमच वही उघडून काही टिपून घेतात.

लग्न झालं की पुढची मंडळं वाट बघत असतातच. त्यांतली मला सर्वांत प्रिय म्हणजे मारियेची सेना, लिजन ऑफ मेरी. १९२१ च्या सप्टेंबरात डब्लिनमध्ये फ्रँक डफ या सरकारी नोकराने ती काढली. आराखडा घेतला तो थेट रोमन सैन्याचा. शाखेला प्रेसिडियम म्हणायचं, निष्ठेची शपथ घ्यायच्या वार्षिक सोहळ्याला एसीज. आमच्या पाखाडीत या रोमन सैन्यात आहेत सात मावश्या, दोन निवृत्त शिक्षिका, आणि एक काका, जे मावशींना रिक्षात बसवून द्यायला आले होते आणि राहिले. नियमाप्रमाणे सैनिक जोडीने घरभेटीला निघतात. ज्या घरचे लोक मिस्सेला दिसत नाहीत ते घर हेरायचं. दोन छत्र्या गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की टीव्ही बंद होतात. देवापुढची मेणबत्ती पेटते. बाटल्या पलंगाखाली जातात. रोमच्या खऱ्या सैन्याने निम्मा युरोप घेतला, पण त्याला बघून कुणी घर आवरल्याची नोंद नाही.

दार उघडल्यावर मावश्या उपदेश करत नाहीत. "गुडघा कसा आहे?" म्हणून विचारतात. गुडघ्यावरून सून, सुनेवरून मुलगा, मुलावरून त्याची सुटलेली नोकरी, आणि निघता निघता, "रविवारी ये हो, दिसला नाहीस बरेच दिवस." एवढंच. पुढच्या सभेत या भेटीचा अहवाल द्यावा लागतो. सभा दीड तासाच्या आत आटपायची असा सेनेचा नियम आहे. तो पाळणारी वसईतली ही एकमेव संस्था असावी.

व्हिन्सेंट डी पॉल संघटनेची गंमत उलटी. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांना जमवून ती सुरू केली, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. तुमचा धर्म गरिबांसाठी आज काय करतो, असं कुणी टोमणा मारल्यावर तो पेटून उठला. आमच्या शाखेत सगळे पेन्शनर. ओझानाम आज सभासद व्हायला आला, तर त्याला प्रेमाने खुर्च्या मांडायला सांगतील आणि "युवकांची सभा दहाला असते, बाळा," म्हणून पत्ता देतील. पण हे पेन्शनर काम चोख करतात. कुणाच्या घरी तांदूळ, कुणाची फी, कुणाचं डायलिसिस. सगळं अत्यंत गुप्त. इतकं गुप्त, की कोणाला काय दिलं हे विचारलं तर चौकातला पानवाला सांगू शकत नाही. त्याला कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे विचारावं लागतं.

महिला मंडळाबद्दल लिहायला मला परवानगी नाही. घरातूनच. एवढंच नोंदवतो, की फादर बदलतात, बिशप बदलतात. १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाल्यापासून तिसरे बिशप आले. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, जेवणात मीठ किती टाकायचं हे ठरवणाऱ्या बाई त्याच आहेत.

या सगळ्या वयोगटांना आडवा छेद देणारी एक रचना आहे, ती म्हणजे लहान ख्रिस्ती समूह. आळीतली पंधरा-वीस घरं, आळीपाळीने एकेकाच्या घरी सभा, लहानथोर एकत्र. तिथे बायबल वाचायचं ते सात पायऱ्यांनी. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने घडवली आणि ती जगभर गेली. प्रभूला बोलवा, उतारा वाचा, एखाद्या शब्दापाशी थांबा, शांत बसा, मनातलं सांगा, काय करायचं ते ठरवा, प्रार्थना करा. आफ्रिकेत आठवी पायरी होती का ते माहीत नाही. वसईत आहे. तिच्यात केळ्याचे वेफर, पॅटिस आणि केक असतो. फादरनी मध्ये फर्मान काढलं, की यापुढे फक्त चहा. तेव्हापासून फक्त चहाच असतो, आणि चहासोबत बशीत जे येतं त्याला चहाच म्हणतात.

आपल्याला प्रिय आहे ती पाचवी पायरी. नियम असा, की फक्त स्वतःच्या मनातलं सांगायचं, दुसऱ्याला उपदेश नाही, वाद नाही. त्या दिवशीचा उतारा शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा होता. शांतता संपली. एक काका डोळे मिटूनच म्हणाले, "या वचनातून प्रभू मला सांगतोय, की वाडीच्या बांधावर कुणी कुंपण सरकवू नये."

पुन्हा शांतता. ती कुठल्याही पायरीत बसत नव्हती.

समोरच्या खुर्चीतून दुसरे काका, तेही डोळे मिटून, "मला याच वचनातून क्षमा ऐकू येते. आणि सातबाराही."

नियमाप्रमाणे कोणी वाद घातला नाही. सहाव्या पायरीला, काय करायचं ते ठरवताना, तलाठ्याकडे दोघांनी मिळून जायचं ठरलं. कोर्टात बारा वर्षं लागली असती. धर्मशिक्षणाची व्याख्यानं मी बरीच ऐकली आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आमच्याकडे घरोघरी आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं ते देखणं पुस्तक पुष्कळ घरांत शोकेसमध्ये लग्नाच्या अल्बमशेजारी उभं असतं. पण ते शोकेसमधून निघून बांधापर्यंत पोचलेलं बघितलं ते त्या संध्याकाळी, पॅटिस खाता खाता.

ज्येष्ठांचा संघ हा सर्वांत आनंदी. एकोणसाठीनंतर उपवास माफ, हे त्यांना फादरनी अनेकदा समजावून सांगितलंय. तरी राखेच्या बुधवारी ते कडकडीत उपवास करतात, आणि तो का करू नये याबद्दल डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी अभिमानाने दाखवतात. लॅटिन मिस्सेच्या आठवणी काढतात. त्यातलं काय कळायचं, असं विचारलं तर म्हणतात, "कळायचं काही नाही, पण काय भारदस्त वाटायचं!"

तर अशी सगळी वयं मंडळांत विभागून झाली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की घरी कोणी नसतं. मुलगा वेदीसेवकांत, मुलगी गायनमंडळात, आई महिला मंडळात, बाप पॅरिश कौन्सिलमध्ये, आजी सेनेच्या मोहिमेवर. सात-साडेसातची घरातली रोझरीची माळ, जिच्यावर आमच्या मागच्या पिढ्या वाढल्या, ती म्हणायला उरतो तो कुत्रा. कौन्सिलमध्ये विषय निघाला. फादर म्हणाले, आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवू या. कोणतंही मंडळ भरणार नाही, सगळ्यांनी घरी बसायचं, एकत्र जेवायचं, माळ म्हणायची. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला.

मग वार शोधायला बसलो. मंगळवार संत अँथनीचा. बुधवारी नोव्हेना; माहीमच्या चर्चमध्ये १९४८ साली सुरू झालेली ती रीत आता गावोगाव आहे. गुरुवारी पवित्र साक्रामेंताची आराधना. शुक्रवार येशूच्या पवित्र हृदयाचा, शनिवार मारियेचा, आणि रविवार तर सूचनांचाच. राहिला सोमवार. सोमवार परंपरेने मृतात्म्यांचा, आणि त्यांचं मंडळ आमच्याकडे अजून स्थापन झालेलं नाही. सोमवार पक्का झाला.

घरी बसल्यावर नेमकं काय करायचं, याबद्दल लोकांना मार्गदर्शन लागणार होतं. एक पुस्तिका काढावी, माहिती गोळा करावी, प्रत्येक आळीतून दोन प्रतिनिधी घ्यावेत असं ठरलं. कुटुंब-संध्या समिती नेमली. अध्यक्षपदी साउंड सिस्टिमची किल्लीवाले दादा एकमताने निवडून आले. चहा महिला मंडळाकडे. समितीची सभा दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता, कारण तेवढा एकच वार मोकळा आहे. सर्वांनी वेळेवर यावे.